संशोधनाचे दोन अर्थ

आमच्या कार्यालयात 'संशोधन' हा शब्द दिवसातून दहा वेळा तरी कानावर येतो. नियमांत संशोधन होते, वेतननिर्धारणात संशोधन होते, काल निघालेल्या परिपत्रकात आज संशोधन होते आणि उद्या त्या संशोधनातही संशोधन होते. राजभाषेत या शब्दाचा अर्थ दुरुस्ती असा आहे. आपण मराठी माणसे ज्याला संशोधन म्हणतो त्याला हिंदीत शोध अथवा अनुसंधान म्हणतात. दिल्लीस बदलून आल्यावर पहिल्याच वर्षी, सुटीच्या दिवशी काय करता असे शेजारच्या मेजावरील सहकाऱ्याने विचारले असता आम्ही भाबडेपणाने "संशोधन करतो" असे उत्तर दिले. त्या सद्गृहस्थाच्या मुद्रेवर करुणा उमटली. शनिवार-रविवारीही कोणा साहेबाची परिपत्रके आम्हांस घरी नेऊन दुरुस्त करावी लागतात, अशी त्याची समजूत झाली असावी.

त्या वेळी आम्हांस हसू आले. पुढे एका शोधनिबंधाशी दोन वर्षे झुंज घेतल्यावर मात्र सहकाऱ्याची समजूत अगदीच चुकीची नव्हती असे वाटू लागले. शब्द दोघांचाही एकाच 'शुध्' धातूपासून आलेला. हिंदीने त्यातील शुद्ध करणे घेतले, मराठीने शोधणे घेतले. शोधनिबंध लिहिणाऱ्याला पहिले केल्यावाचून दुसरे साधत नाही, एवढेच आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे. परंतु ते सांगण्यास थोडे लांबून यावे लागेल.

शोधनिबंध हा वाङ्मयप्रकार आहे की नाही, हा प्रश्न आपल्या समीक्षकांनी गंभीरपणे घेतल्याचे फारसे दिसत नाही. कवितासंग्रहावर चार पाने लिहिली जातात, कादंबरीवर परिसंवाद होतात. संशोधनपर लेखसंग्रह आला तर 'साभार पोच' या सदरात त्याचे नाव, पृष्ठसंख्या आणि किंमत एवढे छापून त्याची बोळवण होते. त्यातील निष्कर्ष खरे की खोटे हे तज्ज्ञांनी पाहावे, आणि वाङ्मयगुण तर त्यात असावयाचेच नाहीत, असा एक मूक करार झालेला आहे. आम्हांस हा करार मान्य नाही. शब्दांची निवड, मांडणीचा क्रम, काय सांगावे आणि काय गाळावे याचा विवेक, वाचकाला बरोबर घेऊन जाण्याची हातोटी, हे सारे कथेत असते तितकेच शोधनिबंधातही असते. कथाकाराला नको असलेल्या पात्राला तापाने मारता येते. निबंधकाराला नको असलेल्या पुराव्यास मारता येत नाही, इतका फरक आहे, आणि तो लहान नाही.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आम्ही पदवीधर आहोत, केंद्र शासनाचे लिपिक आहोत, विद्यापीठाशी आमचा संबंध पदवीदान समारंभापाशी संपला. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ मधील पंधराव्या नियमान्वये अधूनमधून केलेल्या साहित्यिक, कलाविषयक वा शास्त्रीय कामास पूर्वपरवानगी लागत नाही. ही सवलत आम्ही आजवर एकाच निबंधापुरती वापरली आहे. त्याची हकीकत पुढे येईल. आधी मोठ्यांकडे पाहू.

मराठीत शोधनिबंधाचा वस्तुपाठ कोणता असे विचारले तर आम्ही शिवजन्मतिथीच्या वादाकडे बोट दाखवू. वाद जुना आहे आणि त्याच्या कडवटपणाविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. परंतु लेखनाचा प्रकार म्हणून त्याकडे क्वचितच कोणी पाहिले असेल. बखरींच्या आधारे शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असे सर्वत्र धरले जात असे. सर्व बखरींत तिथीही एक नव्हती. १९०० साली टिळकांनी 'केसरी'त या प्रश्नाची चर्चा केली, तेव्हा हाती भक्कम असे काही नव्हते. पुढे मावळातील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली त्यांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात त्यांनी ती छापून प्रसिद्ध केली. या शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र अशी नोंद आहे. शिवनेरीचे नाव आहे. विशेषण एकही नाही.

या नोंदीचे सौंदर्य आम्हांस प्रथम जाणवले नव्हते. ते जाणवावयास एकदा स्वतः गणित करून पाहावे लागते. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो हे शाळेत शिकविलेले असते. १५५१ मध्ये ७८ मिळविले की १६२९ येतात, आणि येथेच नवशिका फसतो. फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना. तोवर इसवी सनाचे नवे वर्ष लागून गेलेले असते, म्हणून ७९ मिळवावयाचे आणि १६३० साल घ्यावयाचे. मग तारीख येते १९ फेब्रुवारी. ही जुन्या ज्यूलियन पद्धतीची. आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च होतो. शिवाय दिल्लीच्या पंचांगात पाहू जाता आणखी एक घोटाळा, कारण उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला फाल्गुन वद्य पक्ष इकडे चैत्र वदी म्हणून ओळखला जातो. एवढ्या सगळ्या खाचखळग्यांतून गणित करीत गेले, की शेवटी वार येतो शुक्रवार. शकावलीतही शुक्रवारच आहे. साल, मास, तिथी आणि वार हे चौघे साक्षीदार वेगवेगळ्या दारांनी आत येऊन एकच गोष्ट सांगतात, तेव्हा जे वाटते ते आम्ही चांगल्या सुनीताच्या शेवटच्या दोन ओळींखेरीज अन्यत्र अनुभवलेले नाही.

तरी एक कागद म्हणजे एकच कागद. एखाद्या घराण्यातील शकावली कोणी केव्हा उतरून घेतली, नकलताना काय झाले, हे प्रश्न उरतातच, आणि ते त्या काळी विचारलेही गेले. मग परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावरच्या हस्तलिखितांतून उजेडात आले. स. म. दिवेकरांनी ते संपादून १९२७ साली प्रसिद्ध केले. त्यातही शके १५५१ आणि फाल्गुन वद्य तृतीयाच. तिकडे जोधपूरला जुन्या जन्मकुंडल्यांच्या संग्रहात शिवाजीची कुंडली मिळाली, तिनेही १६३० च्याच बाजूने साक्ष दिली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मराठी वाचकांना अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. शिवजन्माच्या तीन प्रमुख साक्षींपैकी दोन तमिळ देशातून आणि मारवाडातून आल्या. पुण्याच्या लोकांना हे वारंवार सांगितले पाहिजे.

तथापि अभिमान बाजूस ठेवून पाहता तीन साक्षींचे बळ त्यांच्या संख्येत नसून परस्परांशी संबंध नसण्यात आहे. कवीने शकावली पाहून श्लोक रचला असता, किंवा शकावलीकाराने काव्यावरून तिथी उचलली असती, तर साक्षीदार दोन दिसले तरी साक्ष एकच ठरली असती. हा विचार नुसता मनात येऊन भागत नाही. निबंधात तो आपल्याच विरुद्ध उभा करावा लागतो, त्यास पुरेसे बोलू द्यावे लागते आणि मगच उत्तर द्यावे लागते. नाटककाराला खलनायकाच्या तोंडी चांगली वाक्ये घालता आली पाहिजेत असे म्हणतात. शोधनिबंधात ज्याला प्रतिपक्षाच्या तोंडी चांगली वाक्ये घालता येत नाहीत, त्याचा निबंध वकिली अर्ज होतो. शिवजन्मतिथीच्या वादात असे अर्ज दोन्ही बाजूंनी भरपूर झाले. म्हणूनच १९६६ साली महाराष्ट्र शासनाने इतिहासकारांची समिती नेमली तेव्हाही एकमत होऊ शकले नाही, आणि १९ फेब्रुवारी ही शासनमान्य तिथी ठरावयास विसावे शतक संपत यावे लागले. कागद १९१६ सालीच छापलेला होता! दुरुस्ती किती हळू चालते हे आमच्यासारख्या नस्ती हलविणाऱ्यांनी तरी कोणास सांगावे?

या अर्जबाजीचा काही दोष राजवाड्यांकडे जातो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यात पानिपतपूर्व दशकातील पत्रव्यवहार होता. गावोगाव हिंडून, जळमटांतून दप्तरे बाहेर काढून या एका माणसाने मराठीला कागदाची सवय लावली. ते ऋण फिटणारे नाही. परंतु त्याच हाताने त्यांनी मराठीला गडगडाटाचीही सवय लावली. त्यांच्या प्रस्तावना वाचताना पुरावा कोठे संपला आणि आवेश कोठे सुरू झाला हे कळेनासे होते, आणि गंमत अशी की त्या वाचनीय होतात त्या आवेशामुळेच. मागाहून आलेल्यांनी दप्तरे हुडकण्याचे कष्ट सोडून नेमका तो आवेश उचलला. याउलट शेजवलकरांकडे पाहावे. त्यांचे पानिपतावरील इंग्रजी पुस्तक १९४६ साली निघाले. तेथे थांबले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण ते त्याच विषयाकडे पुन्हा वळले आणि १९६१ साली, लढाईस दोनशे वर्षे झाली तेव्हा, त्यांचा मराठी ग्रंथ आला. पंधरा वर्षांनी आपल्याच लेखनाकडे परतणे हे आमच्या मते संशोधन या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी संशोधन आहे. शेजवलकरही काही कमी तिखट नव्हते. परंतु त्यांचा तिखटपणा पुराव्याच्या मागून येतो, पुढून नाही.

हे सारे आम्हांस वाचून ठाऊक होते. वाचून ठाऊक असणे किती निरुपयोगी असते, ते आमच्यावर पाळी आली तेव्हा समजले.

दिल्लीत कित्येक पिढ्या राहिलेल्या एका मराठी कुटुंबातील वृद्ध गृहस्थांशी आमचा परिचय झाला. त्यांना सगळे काका म्हणतात, आम्हीही म्हणतो. आम्हांस मोडी वाचता येते हे कळल्यावर त्यांनी कापडी बासनातून एक पत्र काढून पुढे ठेवले. बासनात बाकी पोथ्यांची सुटी पाने होती. पत्र हे एकच. मायना नेहमीचा. पुढे मजकूर असा, की फौजेत महर्गता फार झाली आहे. पाठविलेली हुंडी सावकाराने सकारली नाही, सबब खर्चाची ओढ आहे. दुसरी तजवीज सत्वर करावी. शेवटी खाशा घोड्याचा पाय दुखावल्याचे आणि घरच्या माहितगाराकडून औषध विचारून कळविण्याचे एक वाक्य. तिथी पौष शुद्ध तृतीया, सोमवार. साल नाही.

साल नसणे यात नवल काहीच नाही. आमच्या कार्यालयात तारखेवाचून पत्र आले तर आवक विभाग ते घेताना कुरकुर करतो; पण त्या काळी घरी लिहिणारा माणूस साल कशाला लिहील? ज्याला लिहितो आहे त्याला साल ठाऊकच होते. ते पत्र आमच्यासाठी लिहिलेले नव्हते, ही साधी गोष्ट संशोधकाच्या ध्यानात फार उशिरा येते.

आमच्या ध्यानात तर ती मुळीच आली नाही. फौज, महर्गता आणि पौष हे तीन शब्द दिसताच आमच्यासमोर एकच साल उभे राहिले. शके १६८२ चा पौष! पानिपतावर अडीच महिने कोंडलेली भाऊसाहेबांची छावणी, दाणागोटा संपलेला, आणि संक्रांतीच्या सुमारास झालेला तो संहार. काकांच्या कोणा पूर्वजाने लढाईपूर्वी चार-पाच दिवस लिहिलेले पत्र आमच्या हाती आहे, या कल्पनेने आम्हांस रात्रभर झोप आली नाही. काकांना सांगितले. त्यांनी मुलीच्या सासरी सांगितले. पत्रास काचेची चौकट करावी असे ठरले. आम्ही एका रविवारी आगगाडीने पानिपतला जाऊन आलो. दिल्लीहून ते सुमारे नव्वद किलोमीटर. तेथील रणस्तंभापाशी उभे राहून आम्ही निबंधाचा पहिला परिच्छेद मनातल्या मनात रचला. त्यात धुके होते, तोफा होत्या, क्षितिजावर मावळणारे काहीतरी होते. तीन महिन्यांत फुलस्केपची चौतीस पाने लिहून झाली.

अडचणी दिसल्या नाहीत असे नाही. चहूकडून वाटा तुटलेल्या छावणीतून सावकारी हुंडीचा व्यवहार कसा चालला होता? जेथे घोडी उपाशी मरत होती तेथे एका घोड्याच्या पायाच्या औषधासाठी घरी कोण लिहील? या शंका आम्हांस आल्या होत्या. त्यांवर आम्ही एक संपूर्ण परिच्छेद खर्च करून, मृत्यूच्या छायेतही मराठी माणसाचे व्यवहारावरील लक्ष कसे ढळत नाही, याचे हृद्य वर्णन केले होते. आज तो परिच्छेद वाचवत नाही. शैली म्हणून तो निबंधातील सर्वांत चांगला परिच्छेद होता, आणि त्याचे काम फक्त एक भोक झाकण्याचे होते. शोधनिबंधात भाषा एकाएकी सुंदर होऊ लागली की तेथे खाली काहीतरी पोकळ आहे असे समजावे, असा धडा आम्ही त्यावरून घेतला. तो आता दुसऱ्यांचे निबंध वाचतानाही उपयोगी पडतो.

मग एके दिवशी टिपा लिहावयास बसलो. मूळ मजकुराच्या मानाने टिपा म्हणजे हमालीचे काम, म्हणून ते शेवटी ठेवले होते. 'पौष शुद्ध ३, सोमवार' यास इंग्रजी तारीख द्यावयाची होती. स्वामिकण्णू पिल्ले यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेली सातव्या शतकाअखेरपासून अठराव्या शतकाअखेरपर्यंतची कोष्टके आता संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या पाहता येतात. पिल्ले मद्रासचे सरकारी अधिकारी होते. आपल्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांबरोबर १८९६ साली भारतीय कालगणनेवरील इंग्रजी ग्रंथ करणारे सिवेल हेही मद्रासच्या मुलकी सेवेतले. सरकारी नोकरांनी फावल्या वेळात केलेली ही कामे पाहिली म्हणजे आम्हांस अंमळ धीर येतो. पण त्या दिवशी कोष्टकांपर्यंत जाण्याची गरजच पडली नाही. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली. त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी आणि बुधवार होता. हे आम्हांस शाळेपासून पाठ आहे. अष्टमीला बुधवार, तर सप्तमीला मंगळवार, षष्ठीला सोमवार, पंचमीला रविवार, चतुर्थीला शनिवार आणि तृतीयेला शुक्रवार. तिथीची वृद्धी वा क्षय धरून फार तर एक दिवस इकडे-तिकडे. सोमवार कोणत्याही हिशोबाने येत नव्हता. एका हाताच्या बोटांवर हे गणित झाले. ते करावयास आम्ही तीन महिने आणि चौतीस पाने घेतली होती. वार तर आम्ही पहिल्याच दिवशी वाचला होता, नकलेत स्वच्छ अक्षरात लिहिलाही होता. ताळा तेवढा घेतला नव्हता.

पुढचे तीन आठवडे आम्ही त्या बासनाकडे पाहिले नाही.

काकांना सांगणे अधिक कठीण गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "अहो, मग एक 'बहुधा' घाला ना. बहुधाला काय पैसे पडतात?"

येथे मराठी भाषेच्या एका सामर्थ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण काकांनी नकळत त्यावरच बोट ठेवले होते. 'हे पत्र पानिपतच्या वेळचे आहे', 'असावे', 'असेल', 'दिसते', 'म्हणतात', 'असणे अशक्य नाही' हे सारे आपल्या भाषेत निरनिराळ्या वजनाचे बोल आहेत. प्रत्येकामागे पुराव्याचे निराळे माप आहे. 'असावे' हे फार चांगले क्रियापद आहे. त्यात अनुमानाचा प्रामाणिकपणा आहे आणि जबाबदारीही आहे. 'असणे अशक्य नाही' हा मात्र भित्र्याचा आडोसा. कवीला उपमेत जी कसोटी द्यावी लागते ती निबंधकाराला या क्रियापदांत द्यावी लागते. चांगला निबंध वाचताना 'असावे' कोठे 'आहे' झाले ते वाचकाला दाखविता आले पाहिजे, आणि वाईट निबंधात ते एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना गुपचूप झालेले असते. काकांचा 'बहुधा' आम्ही घातला. तो दोन रात्री मसुद्यात राहिला. तिसऱ्या दिवशी खोडला, कारण जे घडलेले नाही असे ठाऊक आहे त्याला बहुधा म्हणणे म्हणजे नियमात बसत नसताना 'विशेष बाब म्हणून' अशी टिपणी लिहिणे होय. तशा टिपण्या आम्ही पोटासाठी पुष्कळ लिहिल्या आहेत.

पानिपत गेल्यावर पत्रात काय उरले? हा प्रश्न आम्ही प्रथम खिन्नपणे विचारला आणि मग, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच, पत्र वाचले. तोवर आम्ही त्यातून पानिपत वाचत होतो. आता अक्षर दिसू लागले. सगळा मजकूर एका सराईत हाताचा होता, लेखणी न अडखळता चाललेली, मायना तर सवयीने वाहून गेलेला. घोड्याचे वाक्य त्या हाताचे नव्हते. ते ओबडधोबड, जागा अपुरी पडून कडेला वळलेले, शाईही जराशी निराळी. कारकुनाने पत्र पुरे केल्यावर मालकाने कागद स्वतःकडे ओढून घेऊन आपल्या हाताने ते वाक्य लिहिले होते. महर्गता कारकुनाने लिहिली, हुंडी कारकुनाने लिहिली. घोडा मालकाने लिहिला. हे आम्हांस दिसले त्या रात्री जो आनंद झाला, तो पानिपतच्या पहिल्या रात्रीच्या आनंदाहून निराळ्या जातीचा होता. त्या रात्री आम्ही स्वतःवर खूष होतो. या वेळी आम्ही खोलीत आहोत याचाच विसर पडला होता. शिवाय एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाला अडीचशे वर्षांनी ओळखावे, यातही काही सुख आहेच.

नवा निबंध अकरा पानांचा झाला. साल ठरले नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील पाच-सहा सालांत पौष शुद्ध तृतीयेला सोमवार येऊ शकतो; ती साले देऊन, त्यांपैकी निवड करण्यास पुरावा नाही असे आम्ही लिहिले. हुंडीचा व्यवहार, सकारणे आणि हुंडणावळ यांविषयी चार पाने, आणि दोन हस्ताक्षरांविषयी पाच. धुके, तोफा आणि क्षितिज गेले. एका संशोधनपत्रिकेने 'निष्कर्ष काय?' एवढ्या दोनच शब्दांनिशी तो परत केला. दुसरीने चौदा महिन्यांनी छापला, आणि त्यात 'सोमवार'च्या जागी 'शनिवार' छापले गेले. पुढील अंकात शुद्धिपत्र आले. आमच्या सहकाऱ्याला ते दाखविले तेव्हा तो समाधानाने म्हणाला, की हे आता खरे संशोधन झाले.

आजच्या शोधनिबंधांविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्यांत रेंगाळावे असे थोडे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या निबंधांना गुण मिळू लागले आणि गुणांवर बढती अवलंबू लागली. त्याबरोबर निबंधांची संख्या वाढली हे ओघानेच आले. आमची तक्रार संख्येविषयी नाही. या निबंधांत कोणी कधी चुकलेला दिसत नाही, ही आमची तक्रार आहे. पहिल्या परिच्छेदात गृहीतक, शेवटच्या परिच्छेदात तेच गृहीतक सिद्ध झालेले, आणि मध्ये अवतरणांची रांग. वाट चुकली, परत फिरलो, ही मोळी टाकून दुसरी उचलली, असे कोठेच नाही. गुण मिळवावयाचे असतील तर चौतीस पाने फाडणे कोणास परवडेल? आम्हांस गुण मिळावयाचे नव्हते, म्हणून परवडले. बढती ज्येष्ठतेने मिळते ही आमच्या सेवेची लोक निंदा करतात. संशोधनाला ती फार पोषक आहे.

छापलेला अंक घेऊन आम्ही काकांकडे गेलो तेव्हा मनात धाकधूक होती. भिंतीवर चौकट नव्हती. तिचा खिळा मात्र होता. काकांनी चष्मा लावला आणि अकराही पाने सावकाश वाचली, टिपांसह. चहा आला तो निवून गेला. दोन हस्ताक्षरांच्या भागापाशी ते थांबले, आतून बासन आणवले, पत्र उलगडून कडेच्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवून बसले. मग आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, "मग तो घोडा बरा झाला का हो?"

बासनात दुसरे पत्र नाही, हे त्यांनाही ठाऊक होते. आम्ही तसे म्हणालो. काकांनी पत्र पूर्वीच्या घड्यांवर घडी घातले आणि अंक मुलीकडे पाठविण्यासाठी आमच्याकडून तिचा पत्ता लिहून घेतला. मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणाले.